आसनांची वंशावळ

योगासनांच्या पुस्तकांची चिकित्सा आपल्याकडे सहसा होत नाही. समीक्षक ती व्यायामाची पुस्तके म्हणून बाजूला ठेवतो आणि भाविक वाचक त्यांच्यापुढे हात जोडतो. बी. के. एस. अय्यंगार यांचा ‘लाइट ऑन योगा’ (१९६६) हा ग्रंथ या दोन्ही वृत्ती सोडून वाचला पाहिजे.

२०० आसने आणि सुमारे ६०० छायाचित्रे या ग्रंथात आहेत. पाऊल कुठे ठेवावे, गुडघा कसा ताणावा, हे तो नेमकेपणाने सांगतो. हेच त्याचे खरे सामर्थ्य होय. पण प्रस्तावना या आसनांना पतंजलीच्या अष्टांगयोगाच्या चौकटीत बसवते. पतंजलीच्या १९५-१९६ सूत्रांपैकी आसनाविषयीची सूत्रे जेमतेम ३. त्यांत एकाही आसनाचे नाव नाही. बैठक स्थिर व सुखकर असावी एवढेच सांगितले आहे. हठप्रदीपिकेत १५ आसने आहेत, घेरंडसंहितेत ३२. मग ही २०० आली कोठून?

याच्या उत्तरासाठी म्हैसूरला जावे लागते. तेथे जगनमोहन राजवाड्यात १९३३ साली कृष्णम्माचार्यांची योगशाळा सुरू झाली. अय्यंगार आणि पट्टाभि जोइस हे दोघेही त्यांचे शिष्य. अय्यंगार १९३७ साली पुण्यास आले. त्यांनी आसनात दीर्घकाळ स्थिर राहण्यावर भर दिला; दोर, खुर्ची, लाकडी ठोकळे साधने म्हणून वापरले. जोइस यांनी श्वासाच्या तालावर एकामागून एक आसने गुंफली. एका गुरूच्या दोन शिष्यांच्या पद्धती इतक्या वेगळ्या झाल्या, याचा अर्थ या पद्धती माणसांनी अलीकडे घडवल्या आहेत. नॉर्मन स्योमन (१९९६) आणि मार्क सिंगलटन (२०१०) या अभ्यासकांनी त्यांच्या घडणीत कुस्ती-मल्लखांबासारखा देशी व्यायाम आणि पाश्चात्त्य जिम्नॅस्टिक्स यांचाही वाटा दाखवला आहे.

नवे असणे हा दोष नव्हे. माझा आक्षेप ‘सनातन’ या शिक्क्यावर आहे. हा शिक्का बसला की तालमीतला मल्ल आणि परदेशी कवायत-शिक्षक वंशावळीतून गळतात, फक्त ऋषी उरतात. मग प्रश्न विचारणारा धर्मद्रोही ठरतो. आपल्या समाजाला हा अनुभव नवा नाही. बिक्रम चौधरींच्या २६ आसनांच्या क्रमावर कोणाचाही स्वामित्वहक्क असू शकत नाही, असा निर्णय अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०१५ साली दिला. सांस्कृतिक मालकीचा दावा मात्र कोणत्याच न्यायालयात जात नाही.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. वडिलांची पाठ पोती वाहून वाकली. ‘लाइट ऑन योगा’च्या पानांवर दिसणारे शरीर त्यांचे नाही. पण अय्यंगारांचा दोर आणि खुर्ची त्यांच्या पाठीला चालली असती, कारण शरीर अवघडलेले आहे हे गृहीत धरूनच ती साधने वापरली गेली. श्रमाने झिजलेल्या देहाला जागा देणारा विचार या परंपरेत कुठे असेल तर तो इथे आहे, आणि तो विसाव्या शतकातला आहे.

२०१५ पासून दर २१ जूनला योगदिन साजरा होतो आणि शाळा-महाविद्यालयांतून आसने करवून घेतली जातात. शिक्षक मित्रांनी ती अवश्य शिकवावीत. मात्र आसनांबरोबर त्यांचा इतिहासही शिकवावा: म्हैसूर, १९३३.