अकरावा स्कंध आणि अकरावी आवृत्ती

धार्मिक ग्रंथ देवघराजवळ, विज्ञानकथा मुलांच्या हाती आणि भयाण भविष्याच्या कादंबऱ्या सणासुदीला नकोतच, अशी आपली वाटणी असते. यंदा सुट्टीत ही तिन्ही पुस्तके माझ्या टेबलावर शेजारी शेजारी आली आणि ती वाटणी मोडली.

पैठणात राहणाऱ्याला एकनाथी भागवत वाचावे लागत नाही. ते कानांवरच पडते. म्हणूनच मी ते कधी नीट वाचले नव्हते. नाथांनी हा ग्रंथ पैठणास आरंभिला आणि 1573 साली कार्तिकी पौर्णिमेस काशीत पुरा केला. भागवताच्या अकराव्या स्कंधातले श्लोक तेराशेच्या वर. त्यांवर नाथांच्या ओव्या सुमारे 18,800! आरंभी मुसळाचा शाप, शेवटी यादवांचा आपसांतला संहार. आणि मध्ये श्रीकृष्ण उद्धवाशी बोलतो आहे. पूर्वी हा विस्तार मला कंटाळवाणा वाटे. एका श्लोकाला इतके शब्द कशाला?

याचे उत्तर मला अगदी परक्या ठिकाणी सापडले. जॉर्ज ऑर्वेलची 1949 सालची '1984' ही कादंबरी मी जाडा इंग्रजी कोश मांडीवर घेऊन वाचली. तिच्यातही एक कोश आहे. त्याची अकरावी आवृत्ती तयार होते आहे, आणि दर आवृत्तीला तो बारीक होत जातो. 'वाईट' हा शब्द हवा कशाला? 'अचांगले' म्हटले की भागते! शब्द मेला की तो विचारही मनात यायचा नाही, हा राज्यकर्त्यांचा हिशेब. पुढचे छळाचे प्रसंग भयंकर आहेत. पण मला जेवणाच्या टेबलावरचे हे साधे बोलणेच अधिक भ्यायला लावून गेले.

जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' ही या दोहोंच्या मधली. तिच्यातले संवाद पुष्कळदा वर्गातल्या तासासारखे वाटतात, हे कबूल केले पाहिजे. पण आपल्यासारखेच दुसरे यंत्र घडवू पाहणारा वामन मनातून जात नाही. भीती यंत्राची नव्हे, त्याच्यावर सारे सोपवून निश्चिंत होणाऱ्या माणसाची आहे. आणि हे भय नारळीकरांनी मराठीत मांडले. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवून त्यांनी या लेखनाला आरंभ केला होता. जे मराठीत सांगता येणार नाही असे लोक म्हणत, ते नाथांनी सांगितले, नारळीकरांनीही सांगितले.

आता माझी गोष्ट. एका मुलाने निबंधात 'येरवाळी उठलो' असे लिहिले होते. मी तांबड्या शाईने 'येरवाळी' खोडून 'लवकर' लिहिले, गुणही कापला. त्याच्या आजीचा शब्द होता तो! पुढच्या निबंधात त्याने सूर्योदय 'छान', जत्रा 'छान' आणि आजीही 'छान' लिहिली. मी खूश होऊन पूर्ण गुण दिले. ऑर्वेलचा कोशकार याहून वेगळे काय करीत होता?

भारुडांत गावातल्या माणसांची बोली नांदवणाऱ्या नाथांच्या गावात हे माझ्या हातून घडले. सुट्टी संपली की ती वही मी मागून घेणार आहे. गुण परत देता येईल. शब्द परत येतो का, ते पाहायचे.