मृच्छकटिकांतील न्याय आणि क्षमा

शूद्रकाचें ‘मृच्छकटिक’ गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांच्या संगीत नाटकामुळें मराठी रसिकांच्या घरचें झालें आहे. त्यांतील प्रणय व विनोद यांचें कौतुक पुष्कळ झालें. परंतु मूळ संस्कृत नाटकाचे शेवटचे दोन अंक मुख्यतः न्यायाचे आहेत, आणि त्यांविषयीं एकच ठराविक अभिप्राय ऐकूं येतो. तो हा कीं, चारुदत्तानें शकाराला क्षमा केली, तेथें नाटकानें नीतीचें शिखर गांठलें. हा अभिप्राय आम्हांस अपुरा वाटतो.

नवव्या अंकांतील न्यायसभा पाहावी. वसंतसेनेचा गळा दाबणारा राजाचा मेहुणा शकार हाच तेथें फिर्यादी होऊन येतो. आज तुझें काम चालणार नाहीं, असें न्यायाधीश प्रथम कळवितो. पण राजाला सांगून दुसरा न्यायाधीश नेमवितों, अशी धमकी मिळतांच तें काम त्याच दिवशीं उभें राहतें. हा न्यायाधीश दुष्ट नाहीं. चारुदत्ताच्या हातून असें कृत्य घडेल, हें त्याला पटत नाहीं. तथापि वीरकाची साक्ष, उद्यानांत श्वापदांनीं फाडलेलें एका स्त्रीचें प्रेत, आणि भर सभेंत मैत्रेयाच्या काखेंतून गळून पडलेले दागिने, एवढें जुळून आल्यावर तो निरुपाय होतो. निर्णय आमचा, शिक्षा राजाची, असें म्हणून तो मोकळा होतो. आरोपी ब्राह्मण असल्यामुळें त्याचा वध न करतां त्याला हद्दपार करावें, अशी शिफारस मात्र तो करतो. चारुदत्ताची जात दुसरी असती, तर एवढी शिफारसही झाली नसती, हें विसरूं नये. राजा पालक ती झुगारून चारुदत्ताला सुळावर देण्याची आज्ञा करतो.

याच सभेंत क्षमेचा पहिला शब्द उच्चारला जातो, पण त्याकडे टीकाकारांचें लक्ष क्वचितच जातें. वसंतसेनेची वृद्ध आई ते दागिने मुलीचे म्हणून ओळखण्यास तयार होत नाहीं. मुलगी गेली ती गेली, हा तरी जगूं द्या; फिर्याद करण्याचा हक्क माझा आहे, मी म्हणतें याला सोडा, अशा अर्थाचें ती बोलते. तिला सभेबाहेर काढण्यांत येतें. दहाव्या अंकांत शकाराचा दास स्थावरक बेडीसकट खिडकींतून उडी टाकून खरें काय तें ओरडून सांगतो; शकार त्याला चोर ठरवितो, आणि दासाचें सत्य कोणालाच पटत नाहीं. उलट, मरतांना बापानें सांगितलें होतें कीं वधाची घाई करूं नये, कदाचित् राज्यपालट होऊन दोषी सुटेल, ही आठवण एका चांडाळाला असते. साऱ्या उज्जयिनींत सबुरी उरली ती त्या एकाजवळ!

आतां चारुदत्ताची क्षमा पाहूं. ती उदात्त आहे, यांत शंका नाहीं. परंतु ती फळाला येते, कारण वसंतसेना जिवंत परतली आहे, आणि पालकाला मारून चारुदत्ताचा मित्र आर्यक सिंहासनावर बसला आहे. मुलगी मेली असें समजून त्या आईनें केलेली क्षमा आमच्या मतें अधिक कठीण होती. पण तिच्यामागें सत्ता नव्हती. शेवटीं स्थावरकाला दास्यांतून मुक्ति मिळते, चांडाळांना मान मिळतो, इतरांना अधिकार मिळतात. मात्र त्या न्यायसभेला जाब कोणीच विचारीत नाहीं. या मंगल शेवटांत आम्हांस हीच उणीव भासते.

ही उणीव केवळ नाटकांतली नव्हे. आपल्या राज्यघटनेनें दयेचा अधिकार राष्ट्रपति व राज्यपाल यांस दिला आहे, आणि १९७६ च्या दुरुस्तीनें गरिबांस मोफत कायदेशीर साहाय्य देण्याचें तत्त्वही स्वीकारलें आहे. तरीही २०२२ सालअखेर भारतांतील तुरुंगांत असलेल्या सुमारें ५ लाख ७३ हजार बंदिवानांपैकीं ४ लाख ३४ हजार खटल्याच्या निकालाची वाट पाहत होते. दयेचा अर्ज निकालानंतर येतो. यांचें म्हणणें तर अजून पुरतें ऐकलेंही गेलें नव्हतें. म्हणून ‘मृच्छकटिक’ पुन्हां हातीं घेणाऱ्या वाचकांनीं चारुदत्ताच्या क्षमेपाशीं पोंचण्यापूर्वीं, सभेबाहेर काढलेल्या त्या म्हातारीपाशीं क्षणभर थांबावें, अशी आमची विनंति आहे.