बार्मेनचा जाहीरनामा : एक अपुरी साक्ष

हिटलरची सत्ता दृढ होत असता, मे १९३४ मध्ये बार्मेन येथे जर्मन प्रॉटेस्टंट धर्मसभेने संमत केलेला सहा कलमांचा जाहीरनामा आम्ही वकिलाच्या नजरेने वाचला. चर्चने ऐकावयाचा तो ख्रिस्ताचाच शब्द, हा त्याचा मुद्दा निःसंदिग्ध आहे. न्याय आणि शांतता राखणे हे राज्याचे काम, असे पाचवे कलम सांगते. परंतु १९३३ च्या कायद्याने ज्या ज्यूंना सरकारी नोकरीतून हाकलले, त्यांचा साधा उल्लेखही त्यात नाही. तत्त्व मांडले, अन्यायाचे नाव मात्र घेतले नाही. मसुद्याचे प्रमुख कर्ते कार्ल बार्थ यांनीही १९६७ मध्ये ही चूक कबूल केली.

उलट, बळी पडलेला ख्रिस्ती नसला तरी त्याची सेवा हे चर्चचे कर्तव्यच, असे दीट्रिख बोनहोफर यांनी १९३३ मध्येच लिहिले होते. हिटलरविरोधाबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी झाली.

गाभारा राखला म्हणजे धर्मनिष्ठा निम्मीच सिद्ध होते. उरलेली निम्मी उंबऱ्याबाहेरच्या शेजाऱ्यापाशी. देवळाच्या छायेत वाढलेल्या आम्हांसही हा निकष चुकविता येणार नाही.