‘शेतकऱ्याचा असूड’ आणि ‘अनुदान’ हा शब्द

जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथाचे विवेचन बहुधा सामाजिक विचारांच्या अंगाने झाले आहे. सरकारने शेतीच्या सुधारणेवर खर्च करावा तो कोणाच्या पैशाने व कोणाला हिशेब देऊन, हा त्यातील प्रश्न मात्र काहीसा उपेक्षित राहिला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाला जोडून १८७९ साली शेतकी शिक्षण सुरू झाले होते. त्याच शहरात चार वर्षांनी हा ग्रंथ सिद्ध झाला, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

फुल्यांच्या प्रतिपादनाचा विशेष असा की, खर्चाची गोष्ट निघताच ते पैसा भरणाऱ्याला पुढे आणतात. सारा, जकात, लोकल फंड यांची मोजदाद आधी येते. उपाय पाचव्या प्रकरणात येतात. तेथेही नवी पट्टी सुचविलेली नाही. ज्यांचा पगार रयत भरतच आहे, अशा लष्करातील व पोलिसांतील रिकाम्या शिपायांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाबरोबर वाहून जाणारे सत्त्व शेतातच मुरेल, असे ते सुचवितात. मृदसंधारणाची ही योजना एकाच वेळी शेतीची आणि हिशेबाचीही आहे.

आजच्या व्यवहारातील ‘अनुदान’ हा शब्द याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. पट्टी कोणावर तरी ‘बसते’. त्या वाक्यात भरणारा टाळता येत नाही. अनुदान कोणाला तरी ‘मिळते’ किंवा नुसतेच ‘मंजूर होते’. त्या वाक्यात घेणारा दिसतो, भरणारा लोपतो. शिवाय संशोधनसंस्थेला मिळणारी रक्कम आणि शेतकऱ्याला मिळणारी मदत या दोहोंना हा एकच शब्द चालतो. त्यामुळे शेतकऱ्याची ओळख नेहमी घेणारा म्हणूनच होते.

इतिहास मात्र निराळे सांगतो. शाही कृषी आयोगाच्या शिफारशीवरून १९२९ साली स्थापन झालेल्या कृषी संशोधन परिषदेसाठी १९४० च्या कायद्याने निर्यात होणाऱ्या शेतमालावर उपकर बसविण्यात आला. शेतमाल आणि संशोधन यांचा संबंध त्या नावातच उघड होता. तो कायदा २००६ साली रद्द झाला. वसुलीतील अडचणींच्या दृष्टीने त्याचे समर्थन करता येईल. परंतु त्याबरोबर तो उघड संबंधही संपला.

याचा अर्थ अनुदानाऐवजी सर्वत्र वर्गणी असावी, असा नव्हे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट साखर कारखान्यांच्या वर्गणीवर उभी राहिली, कारण ऊस हे रोकडीचे पीक आहे आणि त्याच्यामागे संघटित कारखाने आहेत. उलट शं. पु. आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची संस्था, म्हणजेच १९९२ पासूनची आघारकर संशोधन संस्था, गव्हाच्या व सोयाबीनच्या वाणांबरोबरच बुरशींच्या संवर्धांचा राष्ट्रीय संग्रहही सांभाळते. बुरशीसाठी वर्गणी भरणारा संघ कोठून यावा? तो संग्रह केंद्र शासनाच्या पैशावरच टिकू शकतो. ज्या ज्ञानाला गिऱ्हाईक नाही त्याच्यासाठी सार्वजनिक पैसा अपरिहार्य आहे.

फुल्यांच्या प्रतिपादनाची मर्यादाही येथेच दिसते. ज्याचा लाभ याच हंगामात वा याच शेतात दिसत नाही, अशा ज्ञानाचा विचार त्यांच्या हिशेबात फारसा नाही. तथापि त्यांचा मूळ प्रश्न यामुळे बाद होत नाही. उलट अधिक कठीण होतो. लाभ ताबडतोब दाखविता येत नसेल, तर पैसा भरणाऱ्याला तो का भरावा हे सांगण्याची जबाबदारी वाढते. उपयोगिता प्रमाणपत्र ही जबाबदारी पार पाडू शकत नाही. ते मंजुरी देणाऱ्या कार्यालयाला उद्देशून असते. रक्कम ठरलेल्या कामी खर्च झाली एवढेच ते सांगते.

शासनव्यवहाराच्या मराठीचा अभ्यास करणाऱ्यांनी परिभाषेचा विचार केवळ सुबोधतेच्या कसोटीवर करून भागणार नाही. शब्दाने व्यवहारातील कोणता पक्ष झाकला जातो, हेही तपासले पाहिजे. या तपासणीसाठी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा आजही उपयुक्त ग्रंथ आहे. कारण त्यातील गद्य पैसा भरणाऱ्याला कोठेही दृष्टिआड होऊ देत नाही.