म्हाताऱ्या माणसांच्या स्मृतीची परीक्षा

‘ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून आजीचं डोकं जाग्यावर नाही’ हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेले असते. दोष बहुधा भुलेला दिला जातो. या समजुतीची मोठ्या प्रमाणावर तपासणी करणारा एक शोधनिबंध १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. आजही त्याचा आधार घेतला जातो, म्हणून तो बारकाईने वाचण्याजोगा आहे.

युरोपातील आठ देश आणि अमेरिका येथील तेरा रुग्णालयांत, साठी ओलांडलेल्या १२१८ रुग्णांची स्मृती व एकाग्रता शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर तपासली गेली. हृदयावरच्या शस्त्रक्रिया यात नव्हत्या. आठवड्यानंतर २५.८ टक्के रुग्णांत घसरण आढळली, तीन महिन्यांनी ९.९ टक्के रुग्णांत. शस्त्रक्रिया न झालेल्या तुलनागटात हेच आकडे ३.४ आणि २.८ टक्के होते.

हा तुलनागट म्हणजे या कामाचा कणा. तीच प्रश्नपत्रिका आठवड्याने पुन्हा दिली तर वर्गातल्या मुलांचे गुण वाढतात, हे शिक्षकांना सांगायला नको. म्हणजे ज्याचे गुण ‘तेवढेच’ राहिले, त्याने खरे तर काही गमावलेले असू शकते. तुलनागट नसता तर हे कळलेच नसते. दुसरी गोष्टही आम्हाला आवडली. रक्तातला प्राणवायू किंवा रक्तदाब कमी झाल्याने मेंदूला इजा होते, असा संशोधकांचा संशय होता. तो खरा ठरला नाही, आणि त्यांनी तसे स्पष्ट लिहिले.

आमची तक्रार पुढे आहे. पहिल्या आठवड्यातील घसरणीच्या कारणांत वय, भुलेचा कालावधी, जंतुसंसर्ग यांच्या जोडीला ‘कमी शिक्षण’ही येते. हा मेंदूचा गुण की प्रश्नपत्रिकेचा? चाचण्यांत अक्षरांना अंक जोडायचे होते, रंगांची नावे वाचायची होती. पाटी-पेन्सिलीची सवय नसलेल्याला दुसऱ्या खेपेस सरावाचा लाभ कमी होत असेल, तर घसरण नसतानाही ती दिसेल. ही आमची शंका आहे, सिद्ध झालेली बाब नव्हे.

आपल्या शहरापुरते पाहू. १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे आपली ‘घाटी’. तिथे पैठण, सिल्लोड, कन्नडकडून खुब्याचे हाड मोडलेल्या आज्या येतात. त्यांतल्या किती जणी शाळेत गेल्या असतील? त्यांच्यापुढे ही प्रश्नपत्रिका ठेवून काय हाती लागणार? असे नाही की मार्गच नाही. हरियाणातील बल्लभगड भागात काम करणाऱ्या गटाने १९९५ साली निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी प्रसिद्ध केली. मूळ इंग्रजी चाचणीत ‘डोळे मिटा’ हे वाचून करायचे असते. इथे तपासणाऱ्याकडे पाहून तसे करायचे. वाक्य लिहायचे नाही, घराविषयी एक वाक्य बोलायचे.

भुलेबद्दलही एक खुलासा हवा. २०२१ साली अमेरिका-कॅनडातील खुब्याच्या सुमारे १६०० रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. पाठीतून भूल दिलेल्यांत २०.५ टक्के, पूर्ण भूल दिलेल्यांत १९.७ टक्के रुग्णांना भ्रम झाला. फरक नगण्य. हा भ्रम, ज्याला खेड्यात ‘वात झाला’ म्हणतात, काही तासांत वा दिवसांत येतो, कमी-जास्त होत राहतो. वर सांगितलेली स्मृतीची घसरण ही वेगळी गोष्ट. दोन्हींची गल्लत करू नये.

भ्रमावर हमखास औषध नाही; वेदना, तुंबलेली लघवी, जंतुसंसर्ग अशी कारणे शोधून दूर करावी लागतात. टाळण्यासाठी मात्र पुष्कळ करता येते. २००१ साली बोस्टनमधील १२६ रुग्णांच्या अभ्यासात वृद्धांच्या डॉक्टरांनी रोज पाहणी केली, तेव्हा भ्रमाचे प्रमाण ५० वरून ३२ टक्क्यांवर आले. पुरेसे पाणी, वेदनेवर वेळेवर उपचार, लवकर उठवून बसवणे, झोपेच्या औषधांत काटकसर, चष्मा व श्रवणयंत्र परत देणे: बहुतेक कामे साधीच. शस्त्रक्रियेआधी कवळी आणि चष्मा काढून पिशवीत जातात, ते पुढे किती तास पिशवीतच राहतात हे घरच्यांनी पाहावे. उशाशी ओळखीचा माणूस हवा. तो आपल्याकडे असतोच. अतिदक्षता विभागाच्या दाराशी मात्र त्याला थांबवतात.

आणखी एक करता येईल. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी घरातल्या शिकत्या नातवाने वहीत नोंदवावे: आजी सुटे पैसे मोजते का, तिथी सांगते का, कोणत्या लेकीच्या घरी कोण आहे हे तिला आठवते का. तीन महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत.