शोधनिबंधाची संहिता आणि 'माझा प्रवास'च्या दोन आवृत्त्या : एक चिकित्सा

प्रास्ताविक

शिक्षणविषयक संशोधनपत्रिकेकडे निबंध पाठवायची वेळ आली की विद्यार्थी प्रथम विचारतात : शब्दमर्यादा किती, संदर्भ कोणत्या पद्धतीने द्यायचे, सारांश केवढा असावा? या प्रश्नांची उत्तरे पत्रिकेच्या लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये मिळतात. तिथे सहसा न मिळणारा प्रश्न असा : निबंध नीटनेटका करताना त्यातील पुराव्याचे काय होते? हा प्रश्न आपण झाशीशी जोडलेल्या एका मराठी ग्रंथाच्या आधारे तपासू. झाशीच्या शैक्षणिक इतिहासावर लिहिणाऱ्याला हा ग्रंथ टाळता येत नाही.

१. ग्रंथाची हकिगत

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तर हिंदुस्थानात गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. मार्च-एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घालून शहर घेतले, तेव्हा ते झाशीतच होते. सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी ही हकिगत लिहून काढली. हस्तलिखित चिंतामण विनायक वैद्य यांच्याकडे आले आणि १९०७ मध्ये त्यांनी ते 'माझा प्रवास' म्हणून प्रसिद्ध केले. मूळ हस्तलिखिताला धरून केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये काढली. या दोहोंमध्ये जवळजवळ साठ वर्षे गेली. तेवढा काळ वाचकांपुढे होते ते वैद्यांनी तयार केलेले गोडसे भटजी.

२. वैद्यांचे संपादन : गुण आणि दोष

वैद्यांनी गोडशांची जुनी बोलघेवडी भाषा सुधारली आणि काही मजकूर गाळला. याबद्दल त्यांना एकदम दोषी धरणे योग्य नाही. १९०७ साली सत्तावनाविषयी छापणे धोक्याचे होते. मराठी वाचकाला ग्रंथ गोडीने वाचता यावा, ही इच्छाही रास्त होती. त्यांनी हस्तलिखित जपले नसते, तर पोतदारांना मूळ संहिता देताच आली नसती.

दोष वेगळा आहे. वैद्यांची आवृत्ती वाचताना कोणता शब्द गोडशांचा आणि कोणता संपादकाचा, हे ओळीओळीवर कळत नाही. रंजनासाठी वाचणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही, पण पुरावा म्हणून वाचणाऱ्याची वाट तिथेच अडते. पोतदारांची आवृत्ती वाचायला अवघड आहे, तरी संशोधकाने तिच्याकडेच जावे, ते यासाठी.

झाशीच्या विद्यार्थ्यापुढे तिसरा थरही आहे. अमृतलाल नागर यांचा हिंदी अनुवाद 'आँखों देखा गदर' पोतदारांच्या आवृत्तीपूर्वीचा आहे. त्यात शब्द नागरांचे, निवड वैद्यांची आणि अनुभव गोडशांचा. राष्ट्रीय शैक्षिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या 'भारतीय आधुनिक शिक्षा'सारख्या हिंदी पत्रिकेसाठी लिहिताना हा अनुवाद वापरायला हरकत नाही. मात्र 'गोडसे म्हणतात' असे लिहून खाली नागरांचे वाक्य देणे चूक आहे.

३. पाहिलेले, ऐकलेले आणि अनुमान

मूळ संहिता मिळाली म्हणजे घडलेली घटना मिळाली, असेही नाही. गोडशांच्या ग्रंथात दोन प्रकारची माहिती शेजारी शेजारी बसलेली आहे. झाशीची लूट आणि राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश यांविषयी ते त्या वेळी शहरात असलेला माणूस म्हणून सांगतात. कलकत्त्याला राजेरजवाड्यांना बोलावून इंग्रजांनी धर्मबाह्य कायदे पुढे ठेवले, ही हकिगत मात्र ऐकीव आहे. ती टाकून देऊ नका. ती कलकत्त्याच्या सभेचा पुरावा ठरत नाही, पण लोकांमध्ये काय बोलले जात होते याचा चांगला पुरावा आहे.

आता समजा, आपल्या निबंधाचे शीर्षक आहे : 'इंग्रजांनी उद्ध्वस्त केलेली झाशीची शिक्षणव्यवस्था'. गोडशांच्या साक्षीवर एवढा मोठा इमला उभा राहत नाही. एका समृद्ध संग्रहाचा नाश आणि एका विद्वान भिक्षुकाला त्याबद्दल वाटलेली हळहळ, एवढे त्या साक्षीतून निघते. शहरात पाठशाळा किती होत्या, कोण शिकत होते, कोणाला शिकू दिले जात नव्हते, यासाठी वेगळी साधने हवीत. 'झाशीच्या ग्रंथसंग्रहाचा नाश : एका प्रत्यक्षदर्शीच्या साक्षीची चिकित्सा' हे शीर्षक लहान वाटेल, पण ते परीक्षकापुढे टिकेल.

४. निबंध पाठवण्यापूर्वी

(अ) वापरलेली आवृत्ती आणि तिचे वर्ष पहिल्याच उल्लेखात सांगा. दोन आवृत्त्यांत फरक असेल आणि तो आपल्या मुद्द्याला भिडत असेल, तर तो निबंधातच मांडा.

(आ) अवतरणाची भाषा सुधारू नका. जुने रूप कळणार नसेल तर अर्थ आपल्या शब्दांत वेगळा द्या. वगळलेल्या जागी टिंबे द्या.

(इ) हाच नियम मुलाखतींना लावा. बुंदेली बोलणाऱ्या शिक्षिकेचे उत्तर शुद्ध हिंदीत किंवा मराठीत उतरवले असेल, तर अनुवाद केल्याचे पद्धतीच्या भागात नमूद करा. नाहीतर तिचे बोलणे पुसून तिथे आपलेच बोलणे छापले जाते.

(ई) स्मरणावर आधारलेल्या माहितीत घटना आणि कथन यांतील अंतर वर्षांत सांगा. गोडशांबाबत ते सुमारे पंचवीस वर्षांचे आहे.

(उ) सारांश शेवटी लिहा आणि निष्कर्षाशी ताडून पाहा. निष्कर्षातील 'सूचित होते' सारांशात 'सिद्ध होते' झाले असेल, तर दुरुस्त करा.

(ऊ) परीक्षकांना लेखक कळू नये अशी पद्धत असेल, तर नाव, संस्था, आभार आणि 'माझ्या आधीच्या लेखात' यांसारखे उल्लेख परीक्षकांच्या प्रतीतून काढा. एका वेळी एकाच पत्रिकेकडे निबंध पाठवा.

(ए) परीक्षकाने बदल सुचवले, तर मुद्देनिहाय उत्तर द्या. भाषा व मांडणी यांविषयीच्या सूचना मोकळेपणाने स्वीकारा. पुरावा सांगत नाही ते लिहायला सुचवले असेल, तर कारण देऊन नम्रपणे नकार द्या.

समारोप

प्रत्येक शोधनिबंधात लेखकाला वैद्य आणि पोतदार या दोघांचेही काम करावे लागते. वाचकासाठी मजकूर सुबोध करायचा आणि मूळ पुरावा जसाच्या तसा पोचवायचा. दोन्हींत ओढाताण झाली, तर पुराव्याच्या बाजूने उभे राहावे आणि केलेला बदल उघड नोंदवावा. गोडशांना १९६६ साली पोतदार भेटले. आपण मुलाखत घेतलेल्या शिक्षिकेचे मूळ शब्द पुढे कोणी शोधून काढील, याची खात्री नाही.

स्वाध्याय

१. 'माझा प्रवास'च्या दोन्ही आवृत्त्यांतील झाशीच्या लुटीचा भाग शेजारी ठेवून वाचा. वगळलेला, बदललेला आणि तसाच राहिलेला मजकूर यांची तीन रकान्यांत नोंद करा.

२. आपल्या निबंधातील कोणतीही पाच विधाने घ्या. प्रत्येकापुढे 'पाहिलेले', 'ऐकलेले' किंवा 'अनुमान' असे लिहा. ज्यापुढे काहीच लिहिता येत नाही, ते विधान निबंधात का ठेवावे याचे कारण द्या.