चार मेगाबाइटांची रचना

लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राऊटरच्या बहुतेक सुरुवातीच्या आवृत्त्यांत फ्लॅश अवघी ४ मेगाबाइट. सुरुवातीचे २५६ किलोबाइट बूटलोडरचे, शेवटचे ६४ किलोबाइट सेटिंग्जचे. मधल्या जागेत ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरसाठीची मुक्त प्रणाली लिनक्सचा कर्नल, फायरवॉल, डीएनएस, डीएचसीपी आणि एसएसएच सारे बसवत असे. ही मांडणी सावकाश वाचावी अशी आहे.

आधी /बिन उघडावे. एलएस, सीपी, माउंट अशी नावे रांगेने दिसतात, पण बहुतेक नुसते दुवे आहेत आणि सगळे बिझीबॉक्स या एकाच फाइलकडे जातात. तिला ज्या नावाने हाक मारावी, ते सोंग घेऊन हा बहुरूपी उभा राहतो. प्रत्येक आज्ञेमागे वेगळी फाइल नाही आणि सामाईक कोड एकदाच लिहिलेला. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये हे डेबियनच्या एका फ्लॉपीसाठी रचले. राऊटरला ते आयतेच मापात बसले.

पण खरी गंमत फाइलव्यवस्थेत आहे. खाली स्क्वॉशएफएस: घट्ट दाबलेली, फक्त वाचता येणारी. वर जेएफएफएस२ चा लिहिता येणारा पातळ थर. वापरणाऱ्याला दोन्ही मिळून एकच झाड दिसते. खालची फाइल बदलली की तिची प्रत वर येते; पुसली की वर फक्त ‘नाही’ अशी खूण पडते, मूळ फाइल जागच्या जागी राहते. म्हणून पुसूनही जागा मोकळी होत नाही! नवशिक्याला हा अन्याय वाटतो. मला यात रचनेचा सगळ्यात सुंदर भाग दिसतो: सेटिंग्ज कितीही बिघडवा, फेलसेफ या बचाव-अवस्थेत वरचा थर बाजूला राहतो आणि राऊटर खालच्या अभंग प्रतीवर उठतो.

किंमत मात्र आहेच. मुळातले पॅकेज अद्ययावत केले की जुने खाली, नवे वर, दोन्ही जागा खातात. शिवाय तेच पॅकेज नंतर वर टाकण्यापेक्षा फर्मवेअरची प्रतिमा बनवतानाच आत घातले तर अधिक दाबले जाते. ओपनडब्ल्यूआरटी १९.०७ नंतर ४ मेगाबाइटवाल्यांना अधिकृत आवृत्ती मिळाली नाही. तोवर हौशी मंडळी अशी प्रतिमा बनवणारे इमेजबिल्डर घेऊन बसत, ल्युसीचा वेब-पडदा काढत, लागत नसेल तर पीपीपी काढत आणि वाचलेल्या किलोबाइटांत आपल्याला हवे ते एखादे पॅकेज बसवत.